अडीच हजार वर्षांपूर्वीची नाणी घरात पाडणारा दरबारी : कार्ल बेकरची गोष्ट

साधारण दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट आणि ओफेनबाख या शेजारी गावांमधल्या रस्त्यावरून एक घोडागाडी जायची. आत बसलेले गृहस्थ नीटनेटके, अदबीने बोलणारे, दरबारी पदवी मिळवलेले. बघणाऱ्याला वाटायचं, साहेब हवा खायला निघालेत. पण ही फेरी साहेबांसाठी नसायचीच. गाडीच्या आसाजवळ एक डबा बसवलेला असायचा. त्यात लोखंडाचा कीस आणि वंगण, आणि त्या काळ्या राड्यात नवीकोरी नाणी. रस्ता खडबडीत. गाडीने गचके खाल्ले की नाणी एकमेकांवर घासायची, कडा बोथट व्हायच्या, अक्षरांच्या खाचांत मळ बसायचा. अशा काही फेऱ्या झाल्या की ती नाणी दोन हजार वर्षांनी म्हातारी होऊन बाहेर पडायची. गृहस्थांना विनोदबुद्धीही होती. आपल्या म्हाताऱ्या मंडळींना आज फिरवून आणलं, अशा अर्थाची नोंद ते रोजनिशीत करत.

या गृहस्थांचं नाव कार्ल विल्हेल्म बेकर. नाणेशास्त्राच्या इतिहासात बनावट नाणी पाडणाऱ्यांची यादी काढली तर हे नाव बहुतेक पहिलं येतं. आपण त्याची गोष्ट आत्ता वाचायची ती एवढ्यासाठी, की ऑनलाइन लिलावात जुनं नाणं घेताना माणूस ज्या ज्या ठिकाणी फसतो, त्यातली बरीचशी ठिकाणं बेकरने दोन शतकांपूर्वीच शोधून ठेवली होती. त्याच्याकडे फोटो नव्हते आणि मोबाइल नव्हता, इतकाच फरक.

वाइनच्या व्यापारातून ठशांकडे

बेकरचा जन्म १७७२ चा, ऱ्हाईन नदीकाठच्या श्पायर गावातला. वडील वाइनचे व्यापारी आणि गावच्या नगरसभेतले वजनदार गृहस्थ. पोराला शिल्पकार व्हायचं होतं, वडिलांना त्याने धंदा सांभाळायला हवा होता. असं भांडण कोणत्याही काळात, कोणत्याही घरात होतं, आणि निकालही ठरलेला असतो. वाइनचा व्यापार शिकायला पोराची रवानगी फ्रान्समधल्या बोर्दो शहरात झाली. तिथे त्याने वाइनचं जे काही शिकायचं ते शिकलं असेल, पण मन रमलं ते चित्रं काढण्यात आणि जुन्या वस्तू न्याहाळण्यात.

परत आल्यावर फ्रँकफर्टमध्ये वाइनचा धंदा काढला, तो चालला नाही. मग मॅनहाइममध्ये कापडाचं दुकान टाकलं, तेही बसलं. तिशी उलटेपर्यंत दोन धंद्यांत हात पोळलेला हा माणूस म्युनिकला पोहोचला. तिथल्या टांकसाळीत त्याला पोलादाच्या ठशावर नक्षी आणि अक्षरं उलटी कोरायची कला शिकायला मिळाली. शिल्पकार होण्याची हौस अखेर भागली, फक्त आकार अंगठ्याच्या नखाएवढा झाला.

म्युनिकच्याच काळातली एक गोष्ट सांगितली जाते. बॅरन फॉन शेलर्सहाइम नावाच्या बड्या संग्राहकाने बेकरला एका रोमन सम्राटाचं सोन्याचं नाणं विकलं. ते बनावट निघालं. बेकर तक्रार घेऊन गेला तेव्हा बॅरनने पैसे परत करायचे सोडून त्यालाच सुनावलं, की ज्यातलं कळत नाही त्यात हात घालू नये. बेकरने हे शब्द मनावर घेतले. अभ्यास केला, ठसा कोरला, नाणं पाडलं आणि ते याच बॅरनच्या गळ्यात मारलं.

गोष्ट चटकदार आहे. पण ती बेकरच्या फारच सोयीची आहे, हेही लक्षात घ्यावं. या गोष्टीत तो आधी फसलेला आणि मग हिशेब चुकता केलेला माणूस ठरतो. नंतरची वीस-पंचवीस वर्षं त्याने ज्यांना नाणी विकली त्या शेकडो नाण्यांच्या गिऱ्हाइकांनी त्याचं काय वाकडं केलं होतं, याचं उत्तर या गोष्टीत मिळत नाही.

ओतीव नव्हे, ठोकलेलं

बेकरचं कसब कळायला जुनं नाणं कसं तयार व्हायचं हे आधी बघू. ग्रीक किंवा रोमन नाणं पाडायला दोन ठसे लागत. एक ठसा ऐरणीत पक्का बसवायचा, त्यावर धातूची तापवलेली कोरी चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. चकतीच्या दोन्ही बाजूंना चित्र उमटतं. आपल्याकडच्या शिवराईसुद्धा अशाच हाताने ठोकलेल्या असत. म्हणून तर कित्येक शिवराईंवर अर्धंच अक्षर दिसतं, चकती ठशाच्या मधोमध बसलेली नसते.

बेकरच्या आधीचे बनावटवाले मुख्यतः सोपा रस्ता धरत. खऱ्या नाण्याचा साचा घ्यायचा आणि त्यात वितळलेला धातू ओतायचा. असं ओतीव नाणं जाणकाराच्या हातात फार काळ टिकत नाही. पृष्ठभागावर बारीक बारीक छिद्रं असतात, अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या गुळगुळीत होतात, कडेवर साच्याच्या सांध्याची रेघ राहते आणि वजन जुळत नाही. ठसे कोरून बनवणारेही होऊन गेले होते. सोळाव्या शतकात इटलीतल्या पादुआ गावच्या जोव्हानी काव्हिनोने रोमन नाण्यांच्या धर्तीवर सुरेख पदकं पाडली, ती आजही पादुअन म्हणून ओळखली जातात. पण बेकरने या कलेत एक अशी भर घातली की संग्राहकांच्या नेहमीच्या चाचण्याच निकामी झाल्या.

त्याने चकतीसुद्धा जुनीच घेतली. म्हणजे काय, तर झिजलेलं, फारशी किंमत नसलेलं एखादं खरं प्राचीन नाणं घ्यायचं आणि त्यावर आपला नवा ठसा हाणायचा. आता धातू कोणत्याही कसोटीला लावा, चांदी खरोखरच दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. नाणं ओतीव नाही, ठोकलेलं आहे. वजन मूळ नाण्याच्या आसपास आहे. खोटं आहे ते फक्त वरचं चित्र, आणि किंमत तर त्या चित्राचीच.

नाण्यावर नाणं पाडायची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकली होती. नहपान हरला, आता राज्य आमचं, हे सांगायची ती जाहीर पद्धत. खालचं जुनं चित्र मध्येमध्ये डोकावतं आणि ते लपवायचं कुणाला कारणही नव्हतं. बेकरने तेच तंत्र वापरलं, पण त्याला खालचं चित्र संपूर्ण पुसायचं होतं. तरी काही नाण्यांवर जुन्या चित्राची पुसट रेषा, एखादं अक्षर राहून गेलंच. पुढे तज्ज्ञांना ते धागे उपयोगी पडले.

आणि कामाचा आवाका तर विचारूच नका. सिसिलीच्या ग्रीक शहरांची नाणी, रोमन सम्राटांची नाणी, स्पेनवर राज्य केलेल्या व्हिसिगॉथ राजांची सोन्याची नाणी, मध्ययुगीन जर्मन नाणी. तीनशेहून जास्त प्रकारच्या नाण्यांचे ठसे या एका माणसाने कोरले. व्हिसिगॉथ नाण्यांची निवड तर फार धूर्तपणाची म्हणायला हवी. ही नाणी दुर्मीळ, त्यावरची चित्रं साधी, आणि अस्सल नाणं हातात घेऊन पाहिलेले लोक युरोपभर मोजकेच. ताडून बघायला अस्सल नमुनाच नसेल तर खोटं ओळखायचं कशावरून?

हाच प्रश्न आजच्या ऑनलाइन यादीत रोज उभा राहतो. विक्रेता लिहितो, अतिदुर्मीळ, आजवर अप्रकाशित प्रकार. नवख्याचे डोळे चमकतात. मुरलेला संग्राहक मात्र इथेच थबकतो, कारण अप्रकाशित याचा एक अर्थ असाही होतो की जगातल्या एकाही संग्रहालयाने असं नाणं अजून पाहिलेलं नाही. का पाहिलेलं नाही, हे विचारायला हवं.

पदवी हीच जाहिरात

नुसत्या कारागिरीवर बेकर एवढा चालला नसता, असं माझं मत आहे. त्याची खरी ताकद होती त्याच्याभोवतीची प्रतिष्ठा.

१८१४ मध्ये त्याला ओफेनबाखला प्रिन्स कार्ल फॉन इझेनबुर्ग यांच्याकडे ग्रंथपालाची नोकरी मिळाली. हे प्रिन्स नेपोलियनच्या बाजूने लढलेले. नेपोलियन पडल्यावर त्यांचं छोटंसं संस्थानही गेलं, पण संग्रहाचा शौक गेला नाही. या दरबारातून बेकरला हॉफ्राट ही पदवी मिळाली. हॉफ्राट म्हणजे दरबारी सल्लागार, आपल्याकडच्या रावबहादूरसारखा काहीसा मान. आता तो दिवाळखोर दुकानदार राहिला नाही. राजघराण्याचा ग्रंथपाल, जुन्या वस्तूंचा जाणकार, स्वतः संग्राहक, आणि खऱ्या नाण्यांचा खराखुरा व्यापारीही. त्याच्या कपाटात खरी नाणी होतीच, शिवाय चित्रं आणि इतर पुरावस्तूही होत्या. पाहुण्याला तो खरा माल दाखवायचा आणि त्याच ताटात आपलाही वाढायचा.

जर्मनीचा सर्वात मोठा कवी गोएथे १८१४ आणि १८१५ साली ऱ्हाईन आणि माइन नद्यांच्या प्रदेशात हिंडत होता. त्याला स्वतःला नाण्यांचा आणि पदकांचा नाद होता. बेकरचा संग्रह त्याने पाहिला आणि या प्रदेशातल्या कलासंग्रहांवर १८१६ मध्ये जे लिखाण छापलं, त्यात बेकरचं नाव मानाने घेतलं. याहून मोठं प्रशस्तिपत्रक त्या काळात कुठे मिळणार? गोएथेने ज्याचं कौतुक केलं त्याच्या नाण्यावर शंका घेणारा संग्राहक स्वतःच अडाणी ठरला असता.

इथे आजच्या विक्रेत्याची चाल थोडी वेगळी असते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. बेकर मोठा जाणकार म्हणून विकायचा. ऑनलाइन लिलावातला फसवणारा पुष्कळदा याच्या उलट, अजाणतेपणाचं सोंग घेतो. आजोबांच्या ट्रंकेत सापडलं, मला यातलं काही कळत नाही, फोटो बघून तुम्हीच ठरवा. यातून दोन गोष्टी साधतात. विक्रेत्याने नाणं खरं असल्याचा दावाच केलेला नसतो, त्यामुळे नंतर त्याला धरता येत नाही. आणि गिऱ्हाइकाला वाटतं की आपण शहाणे, याला किंमत कळलेली नाही, पटकन बोली लावून मोकळं व्हावं. बेकरचं गिऱ्हाईक त्याच्या पदवीला भुलायचं, आजचं गिऱ्हाईक स्वतःच्या हुशारीला भुलतं. परिणाम तोच, लक्ष नाण्यावरून उडतं आणि गोष्टीवर जातं.

आजोबांच्या ट्रंकेच्या गोष्टीवर एक साधा उपाय आहे. गोष्ट बाजूला ठेवायची आणि कागद मागायचा. नाणं आधी कोणत्या लिलावात विकलं गेलं, कोणत्या सूचीत छापलं गेलं, जुनी पावती आहे का, पाकिटावर कुणाची नोंद आहे. खऱ्या जुन्या संग्रहातल्या चांगल्या नाण्यांना असा काही ना काही माग बऱ्याचदा असतो. माग नाही म्हणून नाणं खोटं ठरत नाही, पण मग किंमतही माग असलेल्या नाण्याची देऊ नये.

फ्लॉरेन्सच्या म्हाताऱ्याने यादी छापली

१८२० मध्ये प्रिन्स वारले आणि बेकरचा आधार गेला. ठसे कोरणं चालूच राहिलं. उतारवयात त्याने विल्हेल्म झिंडेल नावाचा मदतनीसही हाताशी घेतला. दरम्यान युरोपातल्या संग्रहालयांमध्ये आणि श्रीमंतांच्या कपाटांत एक चमत्कारिक योगायोग लक्षात यायला लागला होता. फार दुर्मीळ म्हणून घेतलेलं नाणं शेजारच्या शहरातल्या संग्रहातही आहे. आणि नुसतं त्याच प्रकारचं नाही, तंतोतंत त्याच ठशातलं.

ही खूण मोलाची आहे, म्हणून जरा थांबून बघू. प्राचीन काळी ठसे भराभर झिजत, तडकत, आणि नवे कोरले जात. एखाद्या मोठ्या शहराच्या एकाच प्रकारच्या नाण्यासाठी कितीतरी ठसे वापरले जात, आणि वरचा ठसा खालच्याआधी खराब व्हायचा म्हणून जोड्याही बदलत राहत. त्यामुळे दूरदूरच्या संग्रहांतली दोन खरी नाणी बरोब्बर एकाच जोडीतली निघणं सहसा होत नाही, निघालीच तर दोन्ही सारखी झिजलेली नसतात. बेकर मात्र बहुधा एका प्रकाराला एकच जोडी कोरायचा. पोलाद चांगलं, नग थोडे, त्यामुळे ठसा झिजायचाही नाही. सिसिलीचं नाणं, रोमचं नाणं, मध्ययुगातलं नाणं, साऱ्यांत हजारो वर्षांचं अंतर, आणि तरी बारकाईने पाहिलं तर कोरण्याचा हात एकच. पुसलेलं चित्र जिथे डोकावतं, कड जिथे कानसलेली दिसते, वजन मूळ प्रमाणात बसता बसता राहतं, तिथे संशय पक्का होतो.

हे जाहीरपणे मांडण्याचं काम केलं डोमेनिको सेस्तिनी या इटालियन विद्वानाने. जन्म फ्लॉरेन्सचा, पेशाने धर्मगुरू, तरुणपणी तुर्की साम्राज्यात भरपूर हिंडलेला, हातांखालून हजारो ग्रीक नाणी गेलेली. १८२६ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, त्याने ग्रीक नाण्यांच्या आधुनिक बनावटवाल्यांवर एक पुस्तक छापलं. त्यात बेकरचं नाव होतं आणि त्याने पाडलेल्या नाण्यांची यादी होती.

बेकरला अटक झाली नाही, खटलाही उभा राहिला नाही. त्याने पवित्रा बदलला. आपण कुणाला फसवायला हे केलंच नाही, ज्यांना अस्सल नाणी परवडत नाहीत अशा संग्राहकांच्या ट्रेमधल्या रिकाम्या जागा भरायला नमुने तयार केले, असं तो सांगू लागला. आपल्या नाण्यांचे संच त्याने उघडपणे विकायला काढले. ठसेच विकावेत म्हणून व्हिएन्नाच्या शाही संग्रहाकडेही प्रयत्न करून पाहिले, पण सौदा जमला नाही.

त्याचं हे म्हणणं किती खरं मानायचं? नमुनाच विकायचा होता तर तो गाडीखाली घालून म्हातारा करायची गरज काय, या एका प्रश्नापुढे सगळा बचाव कोसळतो. नमुना आणि बनावट यांत धातूचा किंवा ठशाचा फरक नसतो. विकणाऱ्याने घेणाऱ्याला काय सांगितलं, त्यावर ते ठरतं.

अमेरिकेने १९७३ मध्ये छंद जोपासणाऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला तेव्हा नेमकं हेच धरलं. नाण्याची प्रतिकृती बनवायला बंदी नाही, पण तिच्यावर कॉपी हा शब्द कायमचा उमटवलेला पाहिजे. २०१४ मध्ये कायदा आणखी कडक करून नुसता बनवणारा नव्हे, तर जाणूनबुजून विकणारा आणि त्याला मदत करणाराही कक्षेत आणला. ईबेने त्याआधीच, २०१२ मध्ये, प्रतिकृती नाणी आपल्या पानांवर विकायला मनाई केली. तरी जगभरच्या बाजारांत हा शब्द नसलेल्या प्रतिकृतींची रेलचेल आहेच. आणि जिथे प्रतिकृती असं लिहिलेलं असतं, तिथेही ते पुष्कळदा शीर्षकात नसतं. शीर्षकात राजाचं नाव आणि साल, आणि प्रतिकृती हा शब्द खाली, कुरियरच्या नियमांनंतरच्या ओळीत. मोबाइलच्या पडद्यावर तिथपर्यंत कोण जातो?

आपल्याकडच्या यादीत बेकर कुठे दिसतो

बेकरने भारतीय नाणी पाडली नाहीत. पण त्याच्या युक्त्या इथल्या बाजारातही ओळखीच्या वाटतील.

ईस्ट इंडिया कंपनीचा अर्धा आणा, साल १८१८, एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान, ही जाहिरात बहुतेकांनी पाहिली असेल. काही नाण्यांवर तर १७१७ किंवा १६१६ असंही साल असतं. कंपनीने अशी नाणी काढलीच नव्हती. अर्धा आणा आणि पाव आणा असं स्पष्ट मूल्य लिहिलेली, सगळ्या मुलखात चालणारी कंपनीची एकसारखी नाणी १८३५ पासूनची, आणि त्यांवर देवांची चित्रं नाहीत. देवघरात ठेवायला म्हणून कुणी असा टोकन घेतला तर त्यात वावगं काही नाही. तो लाखमोलाचं चमत्कारी नाणं म्हणून विकला की झाली बनवाबनवी. गंमत म्हणजे इथे बेकरसारखे कष्टही कुणी घेतलेले नाहीत, मुळात अस्तित्वातच नसलेल्या नाण्याची ही नक्कल आहे.

शिवकालीन नाण्यांचं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण तिथे भावना येते. शिवाजी महाराजांचे सोन्याचे होन अत्यंत दुर्मीळ आहेत. लिलावाच्या पानावर तीन हजारांत होन मिळत असेल तर वजन विचारायचीही गरज नाही, तेवढं तर नुसतं सोनंच त्या भावात येत नाही. तांब्याच्या शिवराई मात्र पुष्कळ आहेत, महाराजांनंतरही दीर्घकाळ त्या पाडल्या जात होत्या आणि ठसे असंख्य. म्हणजे सेस्तिनीच्या काळातली ती खूण इथे लागू पडते. एकाच विक्रेत्याकडे दहा शिवराई आहेत, दहाही अंगाने सारख्या, आणि प्रत्येकीच्या कडेला त्याच जागी तोच टवका? हाताने ठोकलेली दोन नाणी एका ठशातली असू शकतात, पण पुढे आयुष्यात दोघींना एकाच ठिकाणी तीच जखम होत नाही. ती एका साच्यातून ओतलेली आहेत.

म्हणून विक्रेत्याकडे फोटो मागताना दोन बाजूंवर थांबू नये. कडेचा फोटो मागावा, नाणं काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये वजन दिसेल असा फोटो मागावा, व्यास विचारावा. मिळालेला फोटो इंटरनेटवर शोधून बघावा, कारण पुष्कळदा तो परदेशातल्या एखाद्या जुन्या लिलावातून उचललेला निघतो आणि घरी येणारं नाणं भलतंच असतं. पारदर्शक डबीत बंद करून, ग्रेड आणि क्रमांक लिहून येणारी नाणीही आंधळेपणाने घेऊ नयेत. त्या डब्यांचीसुद्धा नक्कल होते. तो क्रमांक तपासणी करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर घालून तिथल्या फोटोशी नाणं जुळतं का ते बघावं. आणि व्यवहार संकेतस्थळाच्या बाहेर, थेट खात्यावर पैसे टाकून करू असा आग्रह सुरू झाला की तिथेच थांबावं. तसं केल्याने परतीची हमी आणि तक्रारीची सोय, दोन्ही हातची जातात.

फसवणूक फक्त घेणाऱ्याचीच होते असंही नाही. घरात जुनं पाच रुपयांचं नाणं आहे, ते आम्ही लाखांत घेतो, आधी फक्त शुल्क भरा, अशा जाहिराती इतक्या वाढल्या की रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढावं लागलं. बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांशी बँकेचा काहीही संबंध नाही, असं त्यात स्पष्ट केलं होतं. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाला कुरियर करा, दुप्पट पैसे देतो, या मोहात नाणं खरं असलं तरी विकणारा अडकतो.

बेकर गेला, ठसे राहिले

आयुष्याची अखेरची वर्षं बेकरने होम्बर्गमध्ये काढली. पैशाची चणचण होती. १८३० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तो तिथेच वारला. इतकी नाणी पाडूनही हातात फारसं काही उरलं नव्हतं. मागे राहिले ते ठसे, आणि त्या ठशांतून काढलेले शिशासारख्या हलक्या धातूचे नमुने.

त्यानंतर जे झालं ते संग्राहकांच्या दृष्टीने बेकरच्या चरित्राहून महत्त्वाचं आहे. व्हिएन्नाच्या श्टाइनब्यूखेलने १८३६ मध्ये आणि बर्लिनच्या मोरित्झ पिंडरने १८४३ मध्ये बेकरच्या नाण्यांच्या याद्या छापल्या. मग १९२४ आणि १९२५ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे जॉर्ज हिल यांनी दोन भागांत सविस्तर ग्रंथ काढला. त्यात बेकरची रोजनिशी वापरली होती आणि त्याच्या नाण्यांची छायाचित्रं होती. सेस्तिनीची यादी शब्दांची होती, हिलचा ग्रंथ चित्रांचा. आता कोणत्याही गावातल्या संग्राहकाला आपलं नाणं त्या चित्राशेजारी धरून बघता येऊ लागलं. ठसा जुळला की विषय संपला, मग विक्रेता हॉफ्राट असो की कुणाचा आजोबा. मूळ ठसेही विसाव्या शतकात बर्लिनच्या संग्रहालयात जमा झाले, त्यामुळे त्यांतून पुन्हा नाणी पाडायची वाटही बंद झाली.

आजही बनावट नाण्यांविरुद्ध जे काम चालतं ते याच पद्धतीने. संशयित ठशांचे फोटो एकत्र करायचे, सगळ्यांना बघता येतील असे ठेवायचे, आणि नवं नाणं बाजारात आलं की ताडून बघायचं. फसवणूक झाल्यावर गप्प बसणारा संग्राहक या कामात सर्वात मोठा अडथळा ठरतो. लाज वाटते, म्हणून तो ते नाणं गुपचूप पुढच्याला विकून मोकळा होतो. बेकरची नाणी इतकी वर्षं फिरत राहिली, त्यामागे असे पुष्कळ लाजरे मालक असणार.

एक शेवटची गंमत. काळाच्या ओघात बेकरच्या नाण्यांनाच किंमत आली. बेकरचं नाणं म्हणून ती उघडपणे लिलावात येतात आणि शौकीन ती आनंदाने घेतात. साहजिकच, बेकरच्या नाण्यांचीही नक्कल निघाली, साच्यातून ओतलेली, छिद्राळ, गुळगुळीत अक्षरांची. त्यामुळे ऑनलाइन लिलावात बेकरचं नाणं घेणाऱ्याला आता हिलचा ग्रंथ उलट्या कारणासाठी उघडावा लागतो. हे खोटं नाणं खरोखर बेकरनेच पाडलेलं आहे ना, हे बघायला.